घरच्या माळ्यावरचे दूरदर्शन केंद्र

कॉव्हेंट्री हे शहर सायकली, मोटारी आणि १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालेले कॅथेड्रल यांसाठी जगाला माहीत आहे. आपल्या बेटावरील कुटुंबांना ते आणखी एका कारणाने माहीत असते. कोणाची मुलगी येथे परिचारिका असते, कोणाचा भाचा येथील विद्यापीठात शिकत असतो, आणि टेलिफोनवर दर रविवारी या शहराचे नाव घेतले जाते. आज आम्ही वाचकांपुढे येथील एका घरगुती उद्योगाची माहिती ठेवणार आहोत. तो उद्योग म्हणजे घरच्या घरी तयार केलेला मीडिया सर्व्हर. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, दूरदर्शनचे कार्यक्रम पकडून साठवणारे आणि घरातील प्रत्येक पडद्यावर हवे तेव्हा पोहोचवणारे एक लहानसे यंत्र.

असे यंत्र येथे अनेक हौशी लोक स्वतः जुळवतात. आम्हीही आमच्या घरात एक बसविले आहे, म्हणून पुढील माहितीत ऐकीव गोष्टींपेक्षा अनुभवाचा भाग अधिक आहे.

प्रथम कोणी विचारील की, याची गरज काय? गरज घड्याळामुळे पडते. रात्रपाळी करणारी परिचारिका सकाळी आठ वाजता घरी येते. संध्याकाळच्या बातम्या तिने पाहिलेल्या नसतात, मुलांबरोबर बसून पाहावयाचा कार्यक्रम आदल्या रात्रीच होऊन गेलेला असतो. ती उठेपर्यंत मुले शाळेत गेलेली असतात. अशा घरात दूरदर्शन सर्वांचे असूनही कोणाचेच नसते. यंत्राने कार्यक्रम धरून ठेवला की घर एकत्र बसेल तेव्हा तो पाहता येतो.

अँटेनापासून पडद्यापर्यंत

कॉव्हेंट्रीच्या बहुतेक छपरांवरील अँटेना वायव्येकडे तोंड करून उभे दिसतात. तेथे सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर सटन कोल्डफील्डचा उंच मनोरा आहे. १७ डिसेंबर १९४९ रोजी तो सुरू झाला, आणि लंडनबाहेर बी.बी.सी.चे चित्र प्रथम तेथूनच दिसू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये त्या मनोऱ्यावरील जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले व सारे काम अंकांच्या भाषेत, म्हणजे डिजिटल पद्धतीने होऊ लागले. घरगुती सर्व्हरची वाट खरी मोकळी झाली ती या बदलामुळे. कारण पूर्वी हवेतून चित्र येत असे व संगणकाला ते आकड्यांत बदलून घ्यावे लागे. आता हवेतून आकडेच येतात. संगणकाने ते फक्त उतरून घ्यावयाचे.

ही उतरून घेण्याची कामगिरी ट्यूनर करतो. अंगठ्याएवढा ट्यूनर संगणकाला जोडला की छपरावरून आलेली वायर त्यात खुपसावयाची. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका वाहिनीला एक लहर अशी जुनी व्यवस्था आता नाही. आपल्या पोर्ट लुईच्या बसमध्ये जसे अनेक प्रवासी एकाच वेळी बसतात, तशा एका लहरीत अनेक वाहिन्या बसविलेल्या असतात. या बसला मल्टिप्लेक्स म्हणतात. त्यामुळे एकच ट्यूनर एकाच मल्टिप्लेक्समधील दोन-तीन कार्यक्रम एकाच वेळी उतरून घेऊ शकतो. मात्र दुसऱ्या बसमधील प्रवासी हवा असेल तर दुसरा ट्यूनर लागतो.

पुढचे काम संगणकावरील कार्यक्रमाचे. टीव्हीहेडएंड नावाचा मोफत कार्यक्रम वाहिन्यांची यादी बनवितो, लहरींबरोबर येणारे आठवडाभराचे वेळापत्रक वाचतो आणि सांगितलेल्या वेळी चित्रमुद्रण सुरू करतो. जेलीफिन किंवा कोडी हे कार्यक्रम साठवलेली चित्रे नावानिशी मांडून दाखवितात, जणू ग्रंथालयातील कपाटच. घरातील दूरदर्शन संच, मुलीचा टॅब्लेट, स्वयंपाकघरातील जुना लॅपटॉप, या सर्वांना एकाच वेळी वेगवेगळे चित्र मिळते. चालू कार्यक्रमही असाच मिळतो, फक्त काही सेकंद मागून. शेजारच्या घरात गोल झाल्याची आरोळी आधी ऐकू येते आणि आपल्या पडद्यावर चेंडू मागाहून जाळ्यात जातो! फुटबॉलच्या रात्री हे खटकते, पण एरवी त्याचा त्रास नाही. उलट चालू कार्यक्रम मध्येच थांबवून भाताचा कुकर उतरवून येता येते.

खर्च किती, वीज किती

यासाठी महागडा संगणक लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचा, हातात मावणारा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. मुलांनी संगणकाची विद्या शिकावी म्हणून तो केंब्रिजच्या मंडळींनी बनविला. त्यावर बसणारी दूरदर्शन ट्यूनरची पट्टी २०१८ मध्ये निघाली. कोणाकडे जुना टेबलावरचा संगणक पडून असेल तर तोही चालतो. पण येथे हिशोब करावा. यंत्र वर्षाचे बारा महिने, चोवीस तास चालू राहणार. पाच वॅटचे यंत्र वर्षाला सुमारे ४४ युनिट वीज घेते, साठ वॅटचे यंत्र सुमारे ५२५ युनिट. युनिटला २५ पेन्स धरले तर पहिल्याचे वर्षाचे ११ पौंड होतात आणि दुसऱ्याचे १३१. फुकट मिळालेला संगणक असा महागात पडू शकतो.

साठवणुकीचे गणित त्याहून सोपे आहे. साध्या चित्राचा एक तास सुमारे एक गिगाबाइट जागा घेतो, उच्च प्रतीच्या चित्राला दुप्पट-तिप्पट लागते. चार टेराबाइटच्या एका तबकडीवर साध्या चित्राचे सुमारे ४,००० तास मावतात. आपल्याकडे तीन तासांच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटात रचून ठेवलेल्या आठवत असतील. तशा तेराशेहून अधिक कॅसेटींचा मजकूर एका पुस्तकाएवढ्या डबीत राहतो.

कंपनीची पेटी आणि आपली पेटी

इतका खटाटोप करण्यापेक्षा दुकानातून तयार पेटी का आणू नये, असा प्रश्न येथील मित्रमंडळी विचारतात. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका पेटीच्या कथेत आहे. क्रिकोरियन नावाच्या दोन भावांना प्रवासात असताना आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल संघाचे सामने पाहता येत नसत. त्यांनी घरच्या दूरदर्शन संचावरील चित्र इंटरनेटवरून कोठेही पाठविणारी स्लिंगबॉक्स ही पेटी काढली, आणि २००५ मध्ये ती विक्रीस आली. परदेशी राहणाऱ्या पुष्कळ लोकांना ती वरदानासारखी वाटली. पण पेटी ग्राहकाच्या घरात असली तरी तिचे काम कंपनीच्या संगणकांवर अवलंबून होते. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने ते संगणक बंद केले, आणि जगभरच्या घरांतील चांगल्या चालत्या पेट्या एका दिवसात निरुपयोगी झाल्या. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरातच होती, पण तिचा प्राण दुसऱ्याच्या हाती होता.

घरगुती सर्व्हरचे कार्यक्रम वेगळ्या परंपरेतले आहेत. पॅरिसच्या एकोल सांत्राल या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातील संगणकांचे जाळे अधिक वेगवान हवे होते. १९९६ मध्ये त्यांनी त्या जाळ्यावरून उपग्रहाचे दूरदर्शन दाखविण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून व्ही.एल.सी. हा कार्यक्रम जन्मला, आणि २००१ मध्ये त्याची संपूर्ण रचना सर्वांना मोकळी करून देण्यात आली. जेलीफिनची कथाही अशीच आहे. २०१८ च्या अखेरीस एम्बी नावाच्या कार्यक्रमाची रचना बंद दाराआड गेली, तेव्हा काही लोकांनी आधीच्या मोकळ्या रचनेवरून जेलीफिन उभा केला. अशा कार्यक्रमाचा कर्ता उद्या निघून गेला तरी आपल्या घरातील प्रत चालतच राहते.

कॉव्हेंट्रीच्या इतिहासात याला शोभणारा एक दाखला आहे. हे शहर पूर्वी रेशमी फितींच्या विणकामाचे होते. विणकर आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर माग चालवीत. वाफेचे कारखाने आले तेव्हा त्यांना कारखान्याचा भोंगा नको होता, घर सोडावयाचे नव्हते. म्हणून १८५७ मध्ये कॅश बंधूंनी किंगफील्ड येथे घरांची रांग बांधावयास घेतली. खाली राहण्याच्या खोल्या, वर मोठ्या खिडक्यांचा मागाचा मजला, आणि सर्व मागांना एकाच वाफेच्या यंत्राची शक्ती. शंभर घरे बांधावयाची होती, अठ्ठेचाळीसच झाली. ती घरे पाहताना आम्हाला वाटते की, नवे यंत्र हवे पण ते आपल्या छपराखाली हवे, हा या शहराचा जुनाच हट्ट आहे.

कायद्याची चौकट

येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण आपल्या मंडळींत या बाबतीत बराच गैरसमज आहे. ब्रिटनमध्ये कोणत्याही वाहिनीवरील चालू कार्यक्रम पाहावयास किंवा मुद्रित करावयास परवाना लागतो. पडदा मोठा असो की लहान, वायर अँटेनाची असो की इंटरनेटची. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वार्षिक फी १७४.५० पौंड झाली होती. घरी सर्व्हर बसविला म्हणून ती चुकत नाही.

मुद्रणाविषयी १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातील ७० वे कलम सांगते की, घरात, घरगुती वापरासाठी, सोयीच्या वेळी पाहता यावे एवढ्याच हेतूने केलेले मुद्रण हा गुन्हा नव्हे. म्हणजे परिचारिकेने सकाळच्या चहाबरोबर आदल्या रात्रीचा कार्यक्रम पाहिला तर ते कलमाच्या शब्दांत बसते. तोच कार्यक्रम जन्मभर साठवून ठेवणे किंवा ओळखीच्या वीस घरांना वाटणे बसत नाही. टीव्हीकॅचअप ही कंपनी ब्रिटनच्या मोफत वाहिन्या इंटरनेटवरून पुन्हा दाखवीत असे. ७ मार्च २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, असे पुनःप्रक्षेपण हे स्वतंत्र प्रक्षेपण असून त्याला मालकाची परवानगी हवी. एप्रिल २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. चोरीच्या चित्रांचे दुवे आधीच भरून विकलेल्या पेट्यांची विक्रीही बेकायदा ठरली. ‘सगळ्या देशी वाहिन्या, एकदाच पैसे भरा’ असे सांगून कोणी पेटी आणून दिली तर ती कोठली आहे हे वाचकांनी ओळखावे.

आणि हेही सांगितले पाहिजे की, कॉव्हेंट्रीच्या छपरावरील अँटेनाला मराठी वाहिनी सापडत नाही. मुंबईच्या मालिका येथे पाहावयाच्या तर त्यांच्या मालकांची वर्गणी भरून इंटरनेटवरूनच पाहाव्या लागतात. भारतात रात्री आठला लागणारी मालिका येथे हिवाळ्यात दुपारी अडीचला लागते. ती मागाहून पाहण्याची सोय मालकच ठेवतात, आणि ते ठेवतील तोवरच ती असते.

मग मराठी घराला या यंत्राचा उपयोग रात्रपाळीच्या सोयीपुरताच आहे काय? आमच्या मते नाही. त्याचा मोठा उपयोग दुसराच आहे.

पुसलेल्या फिती

बी.बी.सी.सारख्या मोठ्या संस्थेने आपले कार्यक्रम जपून ठेवले असतील, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत चित्रफीत महाग होती, पुन्हा दाखविण्याचे हक्क मर्यादित होते आणि कपाटांत जागा नव्हती. म्हणून जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरले जात. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या अतिशय लोकप्रिय मालिकेचे कित्येक भाग असेच गेले. पुढे काही भाग परदेशी पाठविलेल्या प्रतींच्या रूपाने सापडले. २०१३ मध्ये नऊ भाग नायजेरियातील जोस शहरातून परत आल्याचे जाहीर झाले. पण ज्या भागांचे चित्र मिळत नाही, त्यांतील प्रत्येकाचा आवाज आज ऐकावयास मिळतो. कारण त्या काळी काही पोरांनी दूरदर्शन संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो आवाज घरी उतरून घेतला होता. संस्थेने पुसले ते घराने राखले.

त्याच मालिकेचे विचित्र, अंगावर काटा आणणारे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी रचले होते, पण एक-एक स्वर फितीवर कापून, जोडून ते घडविले डीलिया डर्बीशायर या बाईंनी. त्यांचा जन्म १९३७ चा, याच कॉव्हेंट्रीतला. लहानपणी ऐकलेले हवाई हल्ल्याचे भोंगे आपल्या कानांत राहिले, असे त्या सांगत. २००१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या माळ्यावर २६७ फिती निघाल्या. आज त्या मँचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि अभ्यासक त्यांवर काम करतात. माळ्यावरचा तो पसारा केर म्हणून टाकला गेला असता तर?

आपल्या कपाटातील कॅसेटी

आता वाचकहो, आपल्या घराकडे वळू या. एम.बी.सी.ने १९६५ साली दूरदर्शन सुरू केले. पुढे घरोघर व्हिडिओ आले तेव्हा कोणी गणेशोत्सव चित्रित केला, कोणी लग्न, कोणी झाकरीचा फेर. ही झाकरी म्हणजे आपल्या पूर्वजांनी जहाजातून आणलेली कोकणातील जाखडी. त्या कॅसेटींत वडीलधाऱ्यांचे बोलणे आहे. त्यांची मराठी पुण्याची नाही, मुंबईची नाही. रत्नागिरी-मालवणकडची बोली आणि चार पिढ्यांची क्रेओल यांच्या सहवासात घडलेली ती आपल्या बेटाची मराठी आहे. मुंबईची कोणतीही वाहिनी ती दाखविणार नाही. ती बोलणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, आणि नातवंडे उत्तर क्रेओल किंवा फ्रेंचमध्ये देतात.

अशा कॅसेटी कोणी कॉव्हेंट्रीस आणल्या तर त्या येथील जुन्या यंत्रात घालताच एक चमत्कार दिसतो. चित्र काळे-पांढरे! केशरी फेटे करडे, हळदीचे हात राखाडी. फीत बिघडलेली नसते. मॉरिशसने रंगीत चित्रासाठी फ्रेंचांची सेकाम पद्धत घेतली होती, ब्रिटनने व भारताने पाल पद्धत. पालच्या यंत्राला सेकामचे रंग वाचता येत नाहीत. दोन्ही पद्धती जाणणारे जुने व्हिडिओ यंत्र मिळविले आणि संगणकाला सेकामची आज्ञा दिली की रंग परत येतात. पण अशी यंत्रे आता नव्याने होत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हिडिओ यंत्रांचे उत्पादन थांबविले, आणि ती शेवटची होती. यंत्रे झिजत आहेत, फितींवरील चुंबकीय थर कमजोर होत आहे, बेटाच्या दमट हवेत बुरशी वेगळीच. तीन तासांची कॅसेट उतरावयास तीन तास लागतात, त्याला आडवाट नाही. म्हणून दहा वर्षांनी पाहू, असे म्हणून चालणार नाही.

एकदा उतरून घेतलेली चित्रे त्याच सर्व्हरवर बातम्यांच्या शेजारी दिसू लागतात. कॉव्हेंट्रीतील मूल व्यंगचित्रे शोधता शोधता पणजीचा आवाज ऐकते. हे मुद्रण आपलेच असल्याने ते कायम ठेवावयास किंवा व्हाक्वाच्या घरी पाठवावयास कोणाची परवानगी लागत नाही. थेट चित्रही असेच पाठविता येते. गणपतीसमोर लहान कॅमेरा ठेवून त्याचे चित्र सर्व्हरला दिले की येथे सकाळी नऊला होणारी आरती त्याच क्षणी, तेथे दुपारी बाराला, आजीच्या पडद्यावर येते. मात्र सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकू नये. वायरगार्डसारखी बंद, कुलूपबंद वाट करावी आणि तिची किल्ली फक्त घरच्यांना द्यावी. घराच्या दाराला कडी लावतो तसेच हे आहे.

काय करावे

ज्यांना हे काम हाती घ्यावयाचे आहे त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली, नुसती तबकडी म्हणजे जतन नव्हे. तबकडीही एक दिवस मरते. म्हणून प्रत्येक कौटुंबिक चित्राच्या निदान दोन प्रती असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरात असावी. एक कॉव्हेंट्रीत व एक बेटावर, याहून चांगली विभागणी कोणती? वादळ व चोरी दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी येत नाहीत.

दुसरी, चित्राला नाव द्यावे. ‘कॅसेट ४’ या नावाचा नातवंडांना काही उपयोग नाही. कोणते गाव, कोणते वर्ष, चित्रात कोण, कोणाचे कोण, हे लिहून ठेवावे. हे काम संगणक करू शकत नाही. ते घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच करू शकते. त्यांना समोर बसवून चित्र दाखवावे आणि त्या बोलतील ते मुद्रित करून घ्यावे. चेहऱ्यांची नावे तर मिळतीलच, त्यांची मराठीही आपोआप उतरून राहील.

तिसरी, घरातील तरुणांना कामाला लावावे. ट्यूनर, जाळे, तबकड्या हे त्यांचे क्षेत्र आहे. मराठी शिका असे सांगितले तर जो नातू उठून जातो, तो रंग परत आणण्याच्या खटपटीत तास-तासभर बसतो, आणि त्या तासात आजोबांचे बोलणे त्याच्या कानांवर दहा वेळा पडते.

मोठ्या संस्थांनी आपल्या लहान समाजाची चित्रे राखावीत अशी अपेक्षा जरूर करावी, मागणीही करावी. पण स्वतःचे लोकप्रिय कार्यक्रमही ज्यांना पुसावे लागले, त्यांच्यावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. या गणेश चतुर्थीला मखराचे सामान काढताना कपाटातील कॅसेटींकडेही हात जावा, आणि त्यांवरील चिठ्ठ्या वाचणारे कोणी घरात आहे तोवर त्या उतरून व्हाव्यात, एवढीच आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.